वजनकाट्याच्या आधी हलके होणारे यकृत

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ अशी नोंद आली की दोन समजुती हमखास ऐकू येतात. एक अशी की, तेलकट खाण्यातील चरबी थेट यकृतात जाऊन बसली आहे. आणि दुसरी अशी की, वजनात मोठी घट होईपर्यंत यकृतात काहीच सुधारणा होणार नाही. या दुसऱ्या समजुतीपायी कितीतरी जण काही आठवडे नियमाने व्यायाम करतात आणि वजन जागचे हललेले नाही असे पाहून तो सोडून देतात. नेमक्या त्याच आठवड्यांत त्यांच्या यकृतातील चरबी ओसरू लागलेली असण्याची बरीच शक्यता असते. हे कसे घडते ते समजण्यासाठी यकृताच्या पेशीतील एका रासायनिक नियंत्रणाकडे पाहावे लागते, आणि ते नियंत्रण इतके सुबक आहे की या लेखातील मोठी जागा त्यालाच द्यावी असे मला वाटते.

निरोगी यकृतातही थोडी चरबी असतेच. तिचे प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या वर गेले की यकृत मेदयुक्त झाले असे मानतात. ही चरबी कोठून येते, याचा माग समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंची) खूण असलेली संयुगे देऊन काढता येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात रुग्णांच्या यकृतातील ट्रायग्लिसराइडपैकी, म्हणजे साठवलेल्या चरबीपैकी, सुमारे ५९ टक्के भाग शरीरातील मेदसाठ्यांतून रक्तावाटे आलेल्या मेदाम्लांचा (चरबीच्या घटक रेणूंचा) होता, २६ टक्के भाग यकृताने स्वतःच तयार केलेला होता आणि आहारातील चरबीचा थेट वाटा १५ टक्केच होता. अभ्यासातील रुग्ण थोडे असल्याने हे आकडे काळ्या दगडावरची रेघ मानू नयेत. परंतु मधला आकडा विलक्षण आहे. निरोगी माणसात, उपाशी अवस्थेत, यकृताने स्वतः बनवलेल्या चरबीचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी असतो. म्हणजे मेदयुक्त यकृत चरबी केवळ साठवत नाही, तर साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून ती सतत बनवतही राहते.

आता मुख्य मुद्दा. आहारातील ग्लुकोज गरजेपेक्षा जास्त झाले आणि रक्तातील इन्सुलिन वाढले की यकृताची पेशी त्या ग्लुकोजपासून असेटिल-कोए हा लहान रेणू बनवते आणि एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याचे मॅलोनिल-कोएमध्ये रूपांतर करते. मॅलोनिल-कोए ही चरबी बांधण्याची पहिली वीट आहे. दुसरीकडे, चरबी जाळायची असेल तर लांब साखळीच्या मेदाम्लांना मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांच्या, आत जावे लागते, आणि ती आपल्या आपण आत शिरू शकत नाहीत. मायटोकाँड्रियाच्या बाह्य आवरणावरील एक विकर त्यांना कार्निटिन या वाहक रेणूशी जोडून देते, तेव्हाच त्यांना प्रवेश मिळतो. डॅलस येथील डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांच्या प्रयोगशाळेने १९७७ साली असे दाखवून दिले की, मॅलोनिल-कोए हाच रेणू या प्रवेश देणाऱ्या विकराला रोखतो. चरबी बनवण्याची पहिली वीट तयार झाली की चरबी जाळण्याची वाट बंद होते! पेशीने एका बाजूने चरबी बनवावी आणि दुसऱ्या बाजूने तीच जाळत बसावे, असा निरर्थक उद्योग टाळण्यासाठी दोन स्वतंत्र आज्ञांची गरजच उरत नाही. एकाच रेणूची पातळी दोन्ही कामे सांभाळते.

मॅलोनिल-कोए बनवणाऱ्या विकराची दोन रूपे आहेत. एक पेशीद्रवात असते आणि मुख्यतः चरबीच्या बांधणीसाठी माल पुरवते; दुसरे मायटोकाँड्रियाच्या आवरणाला चिकटलेले असते आणि तिथल्या तिथे मॅलोनिल-कोए तयार करून प्रवेशावर नियंत्रण ठेवते. पेशीतील ऊर्जा कमी पडू लागली की एएमपीके नावाचे दुसरे एक विकर जागे होते आणि या दोन्ही रूपांवर फॉस्फेट चिकटवून त्यांना मंद करते. ज्या उंदरांमध्ये ही फॉस्फेट चिकटण्याची जागाच जनुकीय बदल करून काढून टाकली होती, त्यांच्या यकृतात चरबी साठली आणि इन्सुलिनचा प्रभावही घटला. मग मॅलोनिल-कोए बनवणारे विकर औषधानेच बंद का करू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. तसे औषध माणसांना देऊन पाहिले असता यकृतातील चरबी खरोखरच घटली, पण रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढले. याचे कारण असे की, काही बहुअसंतृप्त मेदाम्ले लांब करण्यासाठीही मॅलोनिल-कोए लागतो. ती मेदाम्ले कमी पडताच यकृतातील चरबी रक्तात पाठवण्यास चालना देणारी जनुके अधिक कार्यरत होतात. अशा एकमेकांत गुंतलेल्या व्यवस्थेतील एकच धागा ओढणे सहसा महागात पडते. कमी खाणे आणि जास्त हालचाल करणे यांनी मात्र अनेक धागे एकाच वेळी सैल होतात.

आहाराचा परिणाम किती वेगाने दिसतो, हे २०११ सालच्या एका प्रयोगावरून कळते. त्यात सहभागींच्या एका गटाचे एकूण उष्मांक कमी केले आणि दुसऱ्या गटाचे पिष्टमय पदार्थ कमी केले. दोन आठवड्यांत दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे ४ टक्के उतरले; परंतु यकृतातील चरबी पहिल्या गटात सरासरी २८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटात ५५ टक्क्यांनी घटली. इन्सुलिन खाली, मॅलोनिल-कोए खाली आणि प्रवेश मोकळा, हे गणित येथे उघड दिसते. अर्थात, महिने लोटतात तसा निरनिराळ्या आहारपद्धतींमधील फरक पुसट होत जातो आणि एकूण उष्मांकच निर्णायक ठरतात, त्यामुळे कोणत्याही एका आहारपद्धतीचा झेंडा घेऊन धावण्याचे कारण नाही. फ्रुक्टोजबद्दल मात्र निराळी सावधगिरी हवी. ग्लुकोजच्या विघटनात वेगाला लगाम घालणारा जो टप्पा असतो तो फ्रुक्टोज टाळून पुढे जाते, आणि यकृतात आलेल्या फ्रुक्टोजपासून चरबीचा कच्चा माल भराभर तयार होतो. मेदयुक्त यकृत असलेल्या किशोरवयीन मुलांच्या आहारातील वरून घातलेली साखर ८ आठवडे जवळजवळ बंद केली, तेव्हा त्यांच्या यकृतातील चरबीचे सरासरी प्रमाण २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. ‘यकृत शुद्ध करणारे’ म्हणून विकले जाणारे फळांच्या रसांचे कार्यक्रम या माहितीच्या उजेडात पाहिले की हसावे की रडावे ते कळत नाही. यकृतात धुऊन काढण्यासारखा मळ साचलेला नसतो; त्याचे दुखणे उष्मांकांच्या अतिरेकाचे असते आणि त्यावर उपाय म्हणून फ्रुक्टोजच पाजले जाते. वजन घटवण्याच्या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या काही वनस्पतिजन्य अर्कांनी, उदाहरणार्थ ग्रीन टीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी, यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

व्यायामाचे काम यकृताच्या बाहेर, स्नायूंमध्ये सुरू होते. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, मावते. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले की जेवणानंतरचे ग्लुकोज त्यांच्यात न साठता यकृताकडे वळते आणि तेथे त्याची चरबी होते. व्यायामाने स्नायूंतील साठा रिकामा होतो, आणि आकुंचन पावलेला स्नायू इन्सुलिनच्या आज्ञेवाचूनही ग्लुकोज ओढून घेतो. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली इन्सुलिनला कमी प्रतिसाद देणाऱ्या तरुणांवर प्रयोग केला, तेव्हा ४५ मिनिटांच्या एकाच व्यायामानंतर घेतलेल्या जेवणापासून यकृतात होणारी नवी चरबीनिर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरली. २००९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात ४ आठवडे सायकल चालवल्यावर वजन न घटताही यकृतातील चरबी २१ टक्क्यांनी उतरली. २०११ साली वजने उचलण्याच्या ८ आठवड्यांच्या व्यायामानेही, पुन्हा वजन न बदलताच, ती १३ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. दमछाक करणारा व्यायाम ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी हा शेवटचा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे. शिवाय केवळ आहार कमी करून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणजे ग्लुकोज सामावून घेणारी जागाच आकसते.

याचा अर्थ वजन घटवणे गौण आहे असा नव्हे. चरबी ओसरणे ही पहिली पायरी असते. दाह शमणे आणि यकृतात निर्माण झालेली तंतुमयता (व्रणासारख्या कठीण ऊतींची वाढ) मागे हटणे यांसाठी अधिक घट लागते. क्युबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० टक्के किंवा त्याहून अधिक वजन घटवलेल्यांपैकी ९० टक्के रुग्णांत दाहयुक्त विकार नाहीसा झाला होता आणि ४५ टक्के रुग्णांत तंतुमयता कमी झाली होती. मात्र ही घट घाईने करू नये. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, कारण मेदसाठ्यांतून सुटलेले कोलेस्टेरॉल पित्तात उतरते आणि अपुऱ्या आहारामुळे पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही.

प्रगती मोजण्याची साधनेही जपून वापरावी लागतात. चरबी सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर साध्या सोनोग्राफीत ती अनेकदा निसटते, आणि यकृतात पुरेशी चरबी असूनही रक्तातील एसजीपीटी (यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एक विकर) सामान्य असू शकते. याउलट, सवय नसताना जड वजने उचलल्यानंतर एसजीओटी आणि एसजीपीटी या दोन्हींची पातळी आठवडाभर वाढलेली राहू शकते, कारण ही विकरे स्नायूंतही असतात. अशा वेळी अहवाल पाहून घाबरण्याऐवजी डॉक्टरांना व्यायामाची कल्पना द्यावी. स्नायूंतून येणारे क्रिएटिन कायनेज हे विकर वाढलेले आणि यकृताच्या तपासणीतील जीजीटी हे विकर सामान्य असेल, तर ती वाढ यकृतातून नव्हे, तर स्नायूंतून आलेली असण्याची शक्यता अधिक असते.