लोकसंख्या मनोऱ्यातले उणे पुरुष

आर, स्टाटा किंवा पायथन, आकडेवारी हाताळायच्या कुठल्याही संगणकीय साधनात लोकसंख्या मनोरा, म्हणजे एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया वयोगटांनुसार दाखवणारा आलेख, काढायला बसा, सुरुवातीलाच पुरुषांच्या आकड्यांना उणे एकने गुणायला सांगतात. मग शून्याच्या डावीकडे पुरुष जातात, उजवीकडे स्त्रिया राहतात आणि अक्षावरची उणे चिन्हं शेवटी पुसून टाकायची. ही युक्ती संगणकाच्या जमान्यातली. मनोरा त्याहून बराच जुना.

१८७० च्या अमेरिकी जनगणनेचे प्रमुख होते फ्रान्सिस वॉकर. त्या जनगणनेवर आधारलेला सांख्यिकी नकाशासंग्रह १८७४ मध्ये निघाला. मधली उभी रेषा आणि तिच्या दोन्ही अंगांना वयोगटांच्या आडव्या पट्ट्या, ही मांडणी त्यात आहे. आखणारा हातानेच आखत होता, त्यामुळे डावीकडची पट्टी डावीकडे आखली की काम झालं. १८८० मध्ये इटलीच्या लुइजी पेरोत्सो यांनी स्वीडनच्या १७५० पासूनच्या आकड्यांना काळाची तिसरी मितीही दिली. चित्र देखणं, पण वाचायला अवघड. टिकला तो सपाट मनोराच.

टिकला, कारण त्यात इतिहास दिसतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जन्म घटले, त्याची खाच पुढची कित्येक दशकं त्या देशाच्या मनोऱ्यात वर सरकत राहिली. जपानमध्ये १९६६ हे अशुभ मानलेलं ‘अग्नि-अश्व’ वर्ष होतं. त्या वर्षी जन्म सुमारे पाव हिश्शाने कमी झाले आणि पट्टीला दात पडल्यासारखी फट राहिली.

अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत १९७६ च्या सुमारास जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी आकडेवारीच्या विश्लेषणासाठी एस ही संगणकभाषा घडवायला घेतली. तिच्या धर्तीवर रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ऑकलंडमध्ये आर रचली. स्तंभालेख काढायची सोय तिथे होती, मनोऱ्यासाठी वेगळी आज्ञा मात्र नव्हती. मग कुणी दोन आलेख शेजारी ठेवून डावीकडचा अक्ष उलटा फिरवला, तर कुणी उणे आकड्यांचा मार्ग धरला. पुढे आरच्या प्लॉट्रिक्स या पॅकेजने, म्हणजे जोड-संचाने, मधोमध वयोगटांची नावं लिहायला जागा सोडणारा तयार मनोरा दिला. स्टाटाच्या माहितीपुस्तिकेत २००० सालच्या अमेरिकी लोकसंख्येवर उणे आकड्यांचीच युक्ती दाखवली आहे.

लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखांचं ‘व्याकरण’ मांडलं. हॅडली विकम यांचं जीजीप्लॉट२ हे आरमधलं आलेखांचं पॅकेज त्यावरच उभं आहे. त्यातही मनोरा हा स्वतंत्र प्रकार नाही. उणे केलेले स्तंभ आडवे केले की मनोरा. २०२० च्या ३.३.० आवृत्तीपासून तर वयोगट उभ्या अक्षावर दिला की स्तंभ आपोआप आडवे होतात.

मात्र वयोगट हा संगणकाच्या लेखी नुसता मजकूर. क्रम सांगितला नाही तर ‘५-९’ चा गट वर्णानुक्रमाने थेट पन्नाशीच्या घरात जाऊन बसतो. टक्के काढतानाही भाजक एकूण लोकसंख्या की ज्या-त्या लिंगाची, हे आपणच ठरवायचं. दुसरा भाजक घेतला तर दोन्ही बाजूंची बेरीज शंभर-शंभर होते आणि स्त्री-पुरुषांच्या एकूण संख्येतला फरक चित्रातून गायबच होतो. पाच-पाच वर्षांच्या गटांबद्दल माझी थोडी तक्रार आहे. जिथे वय अंदाजाने सांगितलं जातं तिथे एकेका वर्षाचा मनोरा काढला की शेवटी ० आणि ५ असलेल्या वयांच्या पट्ट्या बाहेर आलेल्या दिसतात. गट केले की त्या बऱ्याच दबतात. म्हणून कच्चे आकडे हाती असतील तर एकेका वर्षाचा मनोरा आधी काढावा, गट नंतर.