बोरमाळेच्या पोटातली लाख

आठ मिलिमीटर व्यासाचा एक मणी घ्या. बावीस कॅरेट सोन्याचा आणि भरीव असेल तर त्याचं वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरेल. असे ४० मणी ओवले की माळ झाली एकोणीस तोळ्यांची. (आजच्या सराफी हिशेबात तोळा १० ग्रॅमचा, जुना ११.६६ ग्रॅमचा होता.) आता तोच मणी पोकळ करा आणि पत्रा ०.१ मिलिमीटर जाडीचा ठेवा. चाळीस मण्यांना मिळून सोनं लागतं १४ ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याच्याही आत. दिसायला माळ तीच.

अडचण एवढीच, की इतक्या पातळ पत्र्याचा पोकळ मणी बोटाने दाबला तरी चेपतो. त्याला पोचा पडू नये म्हणून आत लाख भरतात. बोरमाळ, मोहनमाळ, कोल्हापुरी साजातले जवमणी हे सगळे दागिने या लाखेच्या जिवावर उभे आहेत. सोन्याची चर्चा आपण भरपूर करतो. दागिना टिकतो मात्र त्यातल्या सोनं नसलेल्या गोष्टींमुळे, आणि बिघडतोही बऱ्याचदा त्यांच्यामुळेच.

लाख हा एका किड्याचा स्राव. केरिया लॅक्का नावाचा हा इवलासा कीटक पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर चिकटून रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतो. फांद्यांवरचं ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून लाख मिळते. बोरमाळेच्या मण्यांमध्ये बोरीच्याच झाडावरची लाख असू शकते, ही गंमत मला फार आवडते. सोनाराच्या दृष्टीने लाखेचा मोठा गुण म्हणजे ती थोड्याशा उष्णतेने मऊ होते, मण्याच्या कानाकोपऱ्यात शिरते आणि थंड झाली की धातूला घट्ट धरून कडक होते. शिवाय वजनाला ती पाण्यापेक्षा किंचितच जड. आपल्या चाळीस मण्यांत ती दहा-अकरा ग्रॅमच बसते.

पण हे दहा-अकरा ग्रॅम बिलात कुठे धरले आहेत, ते नीट बघावं. निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मोड देताना लाख जळून जाते आणि फक्त धातूचं वजन उरतं. ‘घेताना पंचवीस ग्रॅम होती, देताना चौदाच कशी?’ या वादाचं मूळ पुष्कळदा सोनाराच्या लबाडीपेक्षा आपण न वाचलेल्या बिलात असतं.

लाखेची दुसरी बाजूही आहे. ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रावणातही. त्यामुळे सॅनिटायझर, अत्तराचा फवारा, सोडा घातलेलं उकळतं पाणी यांपैकी काहीही बोरमाळेच्या भोकातून आत गेलं तर मणी हळूहळू पोकळ होऊ लागतो. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच पुरे. लाखेचा मणी तुटला तर सोनार तो तसाच भट्टीपाशी नेत नाही. आधी आतली लाख काढायची, मग डाख द्यायचा, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायचा, मग पुन्हा लाख भरायची. दुरुस्तीला ‘एवढे दिवस कशाला?’ असं विचारण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आता खुद्द सोन्याकडे येऊ. शुद्ध चोवीस कॅरेटचं सोनं दागिन्याला कुचकामी असतं. त्यातले अणू थरांवर थर रचलेले असतात आणि जरा जोर पडला की हे थर पत्त्यांच्या कॅटमधल्या पानांसारखे एकमेकांवरून घसरतात. म्हणून तर सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ ठोकता येतो, आणि म्हणूनच शुद्ध सोन्याची अंगठी वाकडी होते, आकड्यांतले खडे निसटतात. त्यात दुसऱ्या धातूचे अणू मिसळले की घसरणीला अडथळा येतो. चांदीचा अणू आकाराने जवळजवळ सोन्याच्या अणूएवढाच असतो, त्यामुळे तो या रचनेत फारशी उलथापालथ न करता सामावून जातो. तांब्याचा अणू बराच लहान. तो आजूबाजूची ओळ विस्कटतो आणि थर अडखळतात. तेवढीच भेसळ तांब्याची केली तर सोनं जास्त कडक होतं ते यामुळे. तांबं वाढलं की लालसर झाक येते. हल्ली ‘रोझ गोल्ड’ म्हणून मिरवतं ते तांब्याच्याच जोरावर. चांदी वाढवली तर रंग फिकट, हिरवट पिवळा होतो. बावीस कॅरेटमध्ये हजारात ९१६ भाग सोनं, अठरात ७५०, चौदात ५८५. हिऱ्यांच्या अंगठीला सोनार अठरा कॅरेट सुचवतो तेव्हा तो सोनं वाचवत नसतो. आकड्यांना खडा धरून ठेवण्याइतकी ताकद लागते.

डाखाची गोष्ट जरा गुंतागुंतीची. दोन तुकडे जोडायचे तर जोडणारा धातू दागिन्याच्या आधी वितळायला हवा. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. जुन्या काळी डाखात तांबं-चांदी जास्त घालून त्याचा वितळणबिंदू खाली आणत. सवागी, म्हणजे टाकणखार, टाकायची, फुंकणीने ज्योत जोडावर आणायची, काम झालं. मात्र ज्या दागिन्याला सांधे जास्त त्यात हलका डाख जास्त, आणि तो आटवला की कस उतरायचा. यावर उपाय म्हणून कॅडमियम आलं. ते ३२१ अंशांनाच वितळतं, त्यामुळे थोडंसं घातलं तरी काम भागतं आणि डाखातही सोन्याचं प्रमाण ९२ टक्क्यांपर्यंत ठेवता येतं. ‘केडीएम’ हे सोन्याच्या शुद्धतेचं नाव झालं ते इथून. खरं तर ती डाखाची पद्धत होती. आणि तिची किंमत सोनाराने मोजली. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे सोनं वितळण्याच्या कितीतरी आधी. त्याची वाफ फुंकणी धरणाऱ्याच्या छातीत जायची. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्हींना ती घातक. आज त्याऐवजी जस्त, इंडियम असे धातू वापरतात. दुकानात अजून कुणी ‘केडीएम आहे’ असं अभिमानाने सांगितलं तर त्यात भूषण वाटावं असं काही नाही.

शुद्धतेसाठी बघायचा तो हॉलमार्क. १६ जून २०२१ पासून तो देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. दुकानातल्या क्ष-किरण यंत्रावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. ते पृष्ठभागालगतचा थरच वाचतं. जाड मुलामा त्याला फसवू शकतो.

मंगळसूत्राची तार का तुटते, हा प्रश्नही साहित्याचाच आहे. काळे मणी काचेचे असतात आणि काच सोन्यापेक्षा कितीतरी कडक. चालता-बोलता मणी तारेवर घासत राहतात, त्यात धूळ शिरते. धुळीतले वाळूचे कण तर काचेहूनही कडक. तार आतून झिजत जाते आणि एके दिवशी काही कारण नसताना तुटल्यासारखी वाटते. वर्षातून एकदा वाट्यांच्या कड्या आणि टोकाची तार भिंगाखाली बघून घेतली तर हे आधीच कळतं.

नथीतल्या मोत्यांना वेगळाच शत्रू. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या चकत्या, मध्ये प्रथिनांचा पातळ थर. या थरांमधून परतणारा प्रकाश म्हणजे मोत्याचं ‘पाणी’. पण कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. लिंबू, व्हिनेगर, घाम हे सगळं मोत्याला बाधतं, म्हणून नथ मेकअप आणि अत्तर झाल्यावर, सगळ्यात शेवटी घालावी. पेशवाईतल्या नथींत जाणारे बसऱ्याचे मोती इराणच्या आखातातून येत; बसरा ही त्यांची पेठ. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती पिकवून दाखवला आणि पुढच्या काही दशकांत आखातातल्या पाणबुड्यांचा धंदा बसला.

कोल्हापूरजवळचं हुपरी गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजण काळं पडतं ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, त्यातून चांदीचा सल्फाइड तयार होतो. टूथपेस्टने घासलं की हा थर जातो, पण सोबत थोडी चांदीही जाते. त्यापेक्षा भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर पैंजण ठेवा, खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओता. अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी परत चांदी होते. कुजलेल्या अंड्यासारखा थोडा वास येईल, तो त्या गंधकाचाच. खडे, मोती किंवा मीनाकाम असलेल्या दागिन्यावर मात्र हा प्रयोग करू नका. ऑक्सिडाइज्ड दागिन्यावर तर मुळीच नको. तिथला काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, आणि नाव काहीही असलं तरी चांदीवर तो बहुतेक वेळा सल्फाइडच असतो.

स्वस्तातल्या ऑक्सिडाइज्ड झुमक्यांत चांदी नसतेच म्हणा. बऱ्याचदा तो जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. ‘वन ग्रॅम’च्या दागिन्यातही खाली पितळ, वर सोन्याचा मुलामा आणि पुष्कळदा मध्ये निकेलचा थर. शंभर चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन जाडीचा मुलामा दिला तरी सोनं लागतं फक्त ०.२ ग्रॅमच्या आत, तेव्हा नावातल्या ग्रॅमवर जाऊ नये. मुलामा झिजला की घामात निकेल उतरतं आणि काहींच्या कानाची पाळी लाल होते, खाजते, पाणी सुटतं. एकदा शरीराने निकेलशी वैर धरलं की ते सहसा सुटत नाही. अशांनी झुमके हवे तेवढे स्वस्त घ्यावेत, फक्त कानाच्या भोकातून जाणारी तार तेवढी टायटॅनियमची किंवा चांगल्या कसाच्या सोन्याची बसवून घ्यावी. सोनाराकडे हे काम तासाभरात होतं.