मत्स्यटाकीत अमोनिया चढणे

मत्स्यटाकीत अमोनिया चढणे म्हणजे घरातल्या फिश टँकच्या पाण्यातील अमोनिया काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माशांना सोसवेल त्यापलीकडे जाणे. मुरलेल्या, म्हणजे उपयोगी जीवाणूंची वस्ती जमलेल्या टाकीत तपासणी किटवर अमोनिया शून्य दिसायला हवा, लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसला तरी काहीतरी बिघडले आहे असे समजावे. खानदेशात मार्च ते जून या काळात तो अधिक घातक ठरतो, कारण तापलेले पाणी आणि पाण्याचा चढा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) ही दोन्ही कारणे त्याचे विष वाढवतात.

मासे पचवलेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. न खाल्लेले खाद्य, कुजणारी पाने, दगडाआड मरून पडलेला मासा यांतूनही तो सुटतो. ४० टक्के प्रथिने असलेले १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्ले, की साधारण ३५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत खडी व वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५० लिटर पाणी असते. सुट्टीत आलेल्या मुलांनी कौतुकाने ५ ग्रॅम खाद्य ओतले आणि जीवाणूंचा आधार नसेल, तर एवढ्यावरच लिटरला ३.५ मिलिग्रॅमपर्यंत मजल जाते.

हा आधार फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो. नायट्रोसोमोनास गटातले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा गटातले नायट्राइटचे नायट्रेट. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. हे जीवाणू भरपूर प्राणवायू खातात: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू खर्च होतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बंद खोलीतली टाकी सहज ३३-३४ अंशांवर पोचते. त्याच प्राणवायूवर मासे आणि जीवाणू दोघांनाही जगायचे असते.

किटवर दिसणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो. त्यातला मोठा भाग अमोनियम आयन म्हणून जवळजवळ निरुपद्रवी असतो. कल्ल्यांतून आत शिरून मारतो तो मुक्त अमोनिया. दोघांचे प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. ३० अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी फक्त ०.८ टक्के मुक्त असतो, पीएच ८ ला ७.४ टक्के आणि पीएच ८.५ ला २० टक्के. मुक्त अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमवर गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते आणि २ मिलिग्रॅमच्या आसपास बहुतेक मासे मरतात. किटवरचा १ हा आकडा म्हणूनच मऊ पाण्याच्या टाकीत चिंतेचा, तर बोअरच्या पाण्याच्या टाकीत धावपळीचा असतो. खानदेशात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचे आणि चढ्या पीएचचे. कुलरच्या जाळीवर आणि गिझरमध्ये बसणारे पांढरे क्षार त्याचीच खूण. अमोनियासोबत पीएच मोजला नाही, तर निम्मीच माहिती हाती येते.

कारणांमध्ये जास्त खाद्य आणि जास्त मासे ही सर्वांना माहीत असतात. त्याहून अधिक टाक्या साफसफाईने जातात. टाकी रिकामी करून खडी, स्पंज, काच सगळे नळाखाली घासून धुतले, की क्लोरिनने जीवाणू मरतात आणि दोन-तीन दिवसांनी अमोनिया वर येतो. पावसाळ्यात नदी-धरणाचे पाणी गढूळ झाले की पाणीपुरवठ्यात ब्लीचिंग वाढवले जाते. नेहमीच्या सवयीने थेट नळाचे पाणी टाकणारे तेव्हा फसतात. माशांना औषध म्हणून घातलेले मिथिलिन ब्लू, पोटॅशियम परमँगनेट आणि प्रतिजैविकेही या वस्तीवर घाव घालतात. लोडशेडिंगचे कारण वेगळे आहे. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये पाणी थांबले की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, जीवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ते सडके पाणी टाकीत फेकले जाते. वीज बराच वेळ जाणार असेल तर फिल्टर उघडून स्पंज टाकीतच तरंगत ठेवावा. वीज आल्यावर डब्यातले पाणी आधी ओतून द्यावे. एअर पंपाला ३ ते ५ वॉट लागतात, तेवढा भार घरचा इन्व्हर्टर रात्रभर पेलतो.

अमोनिया चढला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लाल-जांभळे दिसतात, परांवर लाल रेषा उमटतात, पर मिटलेले राहतात, खाद्याकडे मासा ढुंकूनही पाहत नाही. फायटर आणि गुरामी एरवीही वर येऊन हवा घेतात, त्यामुळे त्यांचे वर येणे हे लक्षण धरू नये. त्यांचे कल्ले आणि हालचाल पाहावी.

उपायाची सुरुवात खाद्य बंद करण्याने होते. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. लगेच एअर पंप पूर्ण जोराने लावावा आणि फिल्टरचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर आदळेल असा वळवावा. मेलेला मासा, कुजकी पाने, खडीत अडकलेले खाद्य सायफन नळीने काढावे. मग पाणी बदलावे. निम्मे पाणी बदलले तर अमोनिया निम्मा होतो: ४ चा २, दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मे बदलले तर १, वर माशांनी नवा सोडलेला असेल तेवढा. नवे पाणी क्लोरिनमुक्त आणि टाकीच्या तापमानाचे हवे. काही दिवसांआड नळ येतो अशा गावांत घरोघरी ड्रम भरलेले असतात. उघड्या ड्रममध्ये २४ तास राहिलेले पाणी क्लोरिनच्या दृष्टीने चालते. मात्र उन्हात तापलेल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी घेऊ नये, पहाटे घ्यावे. ताजेच पाणी घ्यावे लागले तर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरिन धरून १०० लिटरला दीड ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरते. दुकानात अँटिक्लोरिन म्हणून मिळते ते बहुधा याचेच द्रावण. ते क्लोरिन घालवते, अमोनिया नाही. अमोनिया बांधणारे कंडिशनर वेगळे असते आणि ते घातल्यावरही किट काही काळ तोच आकडा दाखवू शकते. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, मीठ घातलेले मात्र नको.

जुन्या, दुर्लक्षित टाकीत हीच कृती उलटते. तिथे जीवाणूंच्या आम्लाने पीएच ६ च्या आसपास उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला ४-५ मिलिग्रॅम अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. त्यात एकदम निम्मे बोअरचे पाणी ओतले तर पीएच चढतो आणि मासे अर्ध्या तासात आडवे होतात. अशा टाकीत दर चार-सहा तासांनी १० टक्केच पाणी बदलावे. पीएच वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला या अवस्थेत धोक्याचा आहे.

उन्हाळ्यात टाकी थंड करणे हाही उपायाचाच भाग. पृष्ठभागावरून वाहणारा टेबल फॅन कोरड्या हवेत चांगले काम करतो. बर्फाची बंद बाटली तरंगवली तर तासाला २ अंशांहून जास्त उतार होऊ देऊ नये. वाफ होऊन पाणी कमी झाले म्हणून नुसती भर घालत गेल्यास क्षार वाढत जातात. भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे.

फिल्टरमध्ये घालायचा झिओलाइट, म्हणजे क्लिनोप्टिलोलाइट नावाचे खनिज, अमोनियम धरून ठेवतो. जळगाव परिसरातल्या दगडखाणींतून निघणारे स्टिल्बाइटचे सुंदर स्फटिकही झिओलाइट कुळातलेच, पण ते संग्रहासाठी. टाकीसाठी दुकानातला दाणेदार झिओलाइटच वापरावा. पाण्यात मीठ पडले की झिओलाइट धरलेला अमोनियम पुन्हा सोडून देतो, म्हणून दोन्ही एकत्र वापरू नयेत. मीठ अमोनियावर काहीच करत नाही. ते पुढच्या टप्प्याला, नायट्राइट चढल्यावर कामी येते. तेव्हा झिओलाइट काढून लिटरला १ ग्रॅम जाडे मीठ विरघळवून घालावे. त्यातले क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट शिरू देत नाही.

ओळखीच्या कुणाच्या निरोगी, मुरलेल्या टाकीतला स्पंज मिळाला तर बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा तो मोलाचा. ओला ठेवून, तासाभरात आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. आपला स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. अमोनिया रोज मोजावा. तो ०.२५ च्या खाली आला की दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसाआड सुरू करावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य राहिले, तरच नवा मासा आणावा, तोही एका वेळी एक.