‘नाइट व्हीएफआर’ आणि न मोजलेले क्षितिज

‘नाइट व्हीएफआर’ म्हणजे रात्री बाहेर बघून विमान उडवणे. पण डोळ्यांना आधार नसला की कान, म्हणजे त्यातले तोलाचे इंद्रिय, फसवतात, हे 1926 मध्येच अमेरिकी लष्कराच्या फिरत्या खुर्चीने दाखवले होते. 24 सप्टेंबर 1929 रोजी एका वैमानिकाने झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त उपकरणे बघत, विमान उडवले आणि उतरवलेही. म्हणजे रोग आणि औषध दोन्ही तेव्हाच ठाऊक झाले होते.

1954 च्या इलिनॉयमधील प्रयोगातले ‘178 सेकंद’ सगळे सांगतात. फक्त उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांचा, बाहेरचे दिसेनासे झाल्यावर, विमानावरचा ताबा सुटायला लागलेला तो सरासरी वेळ. पण प्रयोग होता तो थोड्या शिकवणीने मागे वळून सुखरूप बाहेर पडता येते का हे पाहण्यासाठी, आणि बहुतेकांना ते जमलेही. तो भाग कुणी सांगत नाही.

खरी भानगड ‘व्हिज्युअल’ या शब्दात आहे. व्हीएफआर (व्हिज्युअल फ्लाइट रूल्स) हा नियम दृश्यमानता आणि ढगांपासूनचे अंतर मोजतो. अमेरिकेत रात्री साधारण 3 मैल दिसले की झाले. क्षितिज दिसते का, हे नियम विचारत नाही. धुरकट हवेत, काळोख्या रात्री, खाली समुद्र असताना 3 मैलांवर बघायचे तरी काय? विमान हळूहळू एका पंखावर कलते, कानाला ते सरळच वाटते, आणि नाक खाली जाऊ लागले की वैमानिक स्टिक ओढून वळण आणखी आवळतो.

16 जुलै 1999 च्या रात्री अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ हेच झाले आणि जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचे विमान समुद्रात कोसळले. विमान तेच चालवत होते. त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याचा परवाना, नव्हते. नियमाने लागतही नव्हते! बातम्या मात्र केनेडी घराण्याच्या शापावरच रंगल्या.

ब्रिटनमध्ये उलटे होते. तिथे रात्रीचे उड्डाण म्हणजे आयएफआर (उपकरणांवर उडण्याचे नियम), असा जुना दंडक. तो 2012 मध्ये सैल झाला. कॅनडाच्या नियमात ‘जमिनीचा दृश्य संदर्भ’ हवा असे म्हटले होते, पण एखादा मिणमिणता दिवा त्यात बसतो का, हे स्पष्ट नव्हते. 2013 मध्ये तिथल्या मूसोनी गावाहून मध्यरात्री उडालेले रुग्णवाहिका हेलिकॉप्टर अंधारात कोसळले, चौघे गेले. 2016 च्या तपास अहवालाने या संदर्भाची व्याख्या करा, त्यात प्रकाशाचाही विचार करा, असे सांगितले. ऑस्ट्रेलियाने व्याख्येचा घोळ घातला नाही. 2011 मध्ये लेक एअर (Eyre) या सरोवराजवळ झालेल्या हेलिकॉप्टर अपघातानंतर तिथे प्रवासी नेणाऱ्या हेलिकॉप्टरला रात्री ऑटोपायलट किंवा दुसरा वैमानिक सक्तीचा झाला.