समुपदेशन व मानसोपचार : समकालीन पद्धतींची तुलना

मानसिक त्रास, नात्यांमधील पेच किंवा आयुष्यातील अवघड निर्णय यांबाबत प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक वेळी, गोपनीयता राखून आणि निश्चित हेतूने संवाद साधत मदत करण्याच्या ज्या पद्धती आज प्रचलित आहेत, त्यांच्यातील साम्य-भेदांचा आणि परिणामांचा तौलनिक विचार या नोंदीत केला आहे. औषधोपचारांचा समावेश त्यात नाही. समुपदेशन हे एखाद्या विशिष्ट अडचणीपुरते आणि अल्पकालीन असते, तर मानसोपचार निदान झालेल्या विकारासाठी किंवा वर्षानुवर्षे मुरलेल्या त्रासासाठी असतात, असा भेद सर्वसाधारणपणे केला जातो. प्रत्यक्षात मात्र दोहोंमागच्या उपपत्ती त्याच आहेत आणि सीमारेषा बरीच पुसट आहे. पद्धतींची नावे शेकड्यांनी मोजावी लागतात. तरीही त्यांतील बहुतेक मनोगतिक, मानवतावादी, बोधात्मक-वर्तनवादी (म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी) आणि कुटुंबव्यवस्थेचा विचार करणारी अशा चार घराण्यांत बसवता येतात. त्रास कशामुळे टिकून राहतो आणि तो कशाने हटतो, या दोन प्रश्नांना ही घराणी वेगवेगळी उत्तरे देतात.

उपपत्तींच्या भाषेत हा फरक दूरचा वाटतो, पण एकाच क्षणी कोण काय करेल हे पाहिले की तो उघड होतो. चारचौघांत बोलण्याची तीव्र भीती असलेली एक व्यक्ती चौथ्या-पाचव्या सत्रात बोलता बोलता थांबते आणि म्हणते, “माझं तेच तेच ऐकून तुम्हाला कंटाळा आला असेल.”

मनोगतिक पद्धतीचा उपचारक हे वाक्य घाईने खोडून काढणार नाही. योझेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये उन्मादाच्या (हिस्टेरियाच्या) रुग्णांविषयीचे आपले लेखन प्रसिद्ध केले, तिथपासून चालत आलेली एक धारणा अशी की, पूर्वीच्या महत्त्वाच्या नात्यांतील अपेक्षा आणि भीती माणूस नकळत आजच्या नात्यावर लादतो. उपचारकाशी असलेल्या नात्यात ती जिवंतपणे दिसते, आणि त्या भावसंक्रमणावरच काम करायचे असते. म्हणून तो विचारेल, “आपण बोलतोय आणि समोरच्याचं लक्ष उडालंय, असं याआधी कुणाबरोबर वाटायचं?” कोचावर पडून आठवड्यातून चार-पाच दिवस चालणारे विश्लेषण आज फार थोड्या ठिकाणी उरले आहे. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून होणारे, बऱ्याचदा आधीच मुदत ठरवलेले उपचार हेच आता मनोगतिक पद्धतीचे नेहमीचे रूप आहे. मेलनी क्लाइन, डोनाल्ड विनिकॉट, हाइन्ट्‌स कोहुट आणि जॉन बोल्बी यांच्या कामानंतर भरही सहजप्रेरणांवरून नात्यांकडे सरकला. उपचारकाला त्या क्षणी खरोखरच कंटाळा आला असेल, तर तोही टाकून देण्याचा दोष मानला जात नाही: ही व्यक्ती इतरांना आपल्यापासून कशी दूर ठेवते, याची ती खूण असू शकते.

मानवतावादी घराण्यातील कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीत याच वाक्याला वेगळा प्रतिसाद मिळेल: “इथंसुद्धा, माझ्यासमोरही, आपण नकोसे होतोय की काय अशी धास्ती वाटतेय.” ही केवळ पुनरुक्ती समजणे हा या पद्धतीवरचा मोठा अन्याय आहे. रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अटींपैकी समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि उपचारकाचा स्वतःशी असलेला प्रामाणिकपणा या तीन सर्वपरिचित आहेत, आणि तिसरी पाळणे सर्वांत कठीण असते. उपचारकाला कंटाळा आलेला नसेल तर तसे तो स्पष्ट सांगेल. आला असेल तर खोटे आश्वासन देणार नाही. रॉजर्स यांचे आणखी एक ऋण क्वचितच सांगितले जाते. १९४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका संपूर्ण उपचारमालिकेतील ध्वनिमुद्रित संवाद छापले. त्यामुळे बंद दाराआड चालणारे हे काम इतरांना तपासता येऊ लागले; या नोंदीत पुढे येणारे सारे संशोधन त्या मोकळेपणाशिवाय अवघड झाले असते. फ्रिट्‌स आणि लॉरा पर्ल्स यांची गेस्टाल्ट पद्धती आणि अस्तित्ववादी उपचार हे याच घराण्यातले. रिकाम्या खुर्चीत एखादी व्यक्ती किंवा स्वतःचाच एक अंश बसला आहे असे मानून त्याच्याशी बोलायला लावणे ही गेस्टाल्टची ओळख आहे, आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी भावनाकेंद्री उपचारांत ती अधिक शिस्तीने वापरली.

बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, करणारा विचारेल: “मला कंटाळा आलाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत? शंभरपैकी किती खात्री वाटते?” दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते असे गृहीत धरणारा हा मनकवडेपणा विचारांतील नेहमीच्या चुकांपैकी एक मानला जातो. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचारांवर भर दिला. त्याआधीच्या वर्तनोपचाराची परंपरा, विशेषतः १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी मांडलेले भीतीचे क्रमाक्रमाने निवारण, त्याला येऊन मिळाली. चांगली सीबीटी केवळ वादविवादावर थांबत नाही. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीबद्दल जे प्रारूप मांडले, त्यानुसार अशा व्यक्तीचे लक्ष बोलताना स्वतःवरच खिळलेले असते. हात थरथरलेले दिसू नयेत म्हणून ती पेला घट्ट धरते, वाक्य उच्चारण्याआधी मनात घोकते, नजर टाळते. आणि या बचावाच्या युक्त्यांमुळेच ती अवघडलेली दिसते, शिवाय भीती खोटी ठरण्याची संधीही हुकते. म्हणून तिला एकदा या युक्त्यांसह आणि एकदा त्या सोडून बोलायला सांगतात आणि नंतर तिचेच चित्रीकरण दाखवतात. आपण आतून जितके घाबरलो होतो तितके बाहेरून दिसत नाही, ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा परिणाम तासभराच्या समजावणीपेक्षा अधिक होतो.

सीबीटीतूनच निघालेल्या पुढच्या पिढीच्या पद्धती विचार खरा की खोटा या चर्चेत फारशा शिरत नाहीत. स्टीव्हन हेज यांच्या स्वीकार व बांधिलकी उपचारात ‘मी कंटाळवाणा आहे’ हा विचार आत्ता मनात आला आहे एवढीच नोंद घ्यायला शिकवतात, आणि तो सोबत असतानाही आपल्याला महत्त्वाचे वाटणारे बोलणे चालू ठेवता येईल का, हे पाहतात. सजगतेवर (माइंडफुलनेसवर) आधारलेल्या बोधात्मक उपचाराचा उपयोग मुख्यतः नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी होतो. सुरुवातीच्या चाचण्यांत तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांना त्याचा लाभ स्पष्ट दिसला. मार्शा लिनेहन यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराची पहिली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्या, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकृती (भावना आणि नाती यांतील तीव्र अस्थिरता) असलेल्या स्त्रियांमध्ये त्या कृती कमी झाल्याचे तिच्यातून दिसले. तुमचा त्रास समजण्याजोगा आहे आणि तरीही बदलावे लागेल, हे दोन्ही एकाच वेळी म्हणण्याचे कसब या पद्धतीत लागते.

कुटुंबोपचारक तेच वाक्य घरातल्या घडीत ठेवून पाहील: या व्यक्तीच्या गप्प बसण्याने घरातील कोणता वाद टळतो, तिच्या वतीने कोण बोलते? सॅल्व्हडोर मिनुचिन आणि मरे बोवेन यांची नावे येथे प्रमुख आहेत. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांची समाधानकेंद्री पद्धती भीतीच्या इतिहासात जात नाही. गेल्या काही दिवसांत बोलणे जमले असे कधी झाले आणि तेव्हा काय वेगळे होते, एवढेच ती खोदून विचारते.

असा प्रयोग प्रत्यक्षातही झाला आहे. एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी प्रशिक्षणासाठी काढलेल्या आणि १९६५ मध्ये प्रकाशित झालेल्या चित्रपटात एकाच स्त्रीशी रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस यांनी आपापल्या पद्धतीने संवाद साधला. विद्यार्थ्यांना तो अजूनही दाखवतात. मात्र एकेका छोट्या भेटीतून शैली कळते, परिणाम कळत नाही.

परिणामांचा वाद १९५२ मध्ये पेटला. न्यूरोटिक त्रास, म्हणजे वास्तवाचे भान न सुटता होणारा चिंता-भीतीसारखा त्रास, असलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश माणसे उपचार मिळोत न मिळोत, दोन वर्षांत सुधारतात, असा दावा हान्स आयसेंक यांनी केला. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून त्याला उत्तर दिले: उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होती, आणि पद्धतींमधील फरक मात्र किरकोळ होता. सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ मध्येच सुचवले होते की, सर्व यशस्वी पद्धतींत काही समान घटक काम करत असावेत. त्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला घटक म्हणजे उपचारकाशी असलेले सहकार्याचे नाते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये त्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, कामाच्या पद्धतीवर एकमत आणि परस्परांतील बंध. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९५ अभ्यासांच्या विश्लेषणात या नात्याचा परिणामाशी असलेला सहसंबंध सुमारे ०.२८ आढळला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). म्हणजे परिणामांतील फरकाचा साधारण ८ टक्के भाग त्याच्याशी निगडित आहे; तो दुर्लक्षिण्यासारखा नाही, आणि सर्वस्वही नाही.

यावरून सगळ्या पद्धती सारख्याच, असा निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा आहे. सरासरीत नैराश्य, भयगंड, मंत्रचळ (ओसीडी) आणि दुःख हे सगळे एकत्र मिसळले की भेद बुजतात. मंत्रचळात वारंवार हात धुण्याची किंवा खात्री करून घेण्याची ओढ रोखून धरत भीतीला सामोरे जावे लागते. तेथे सहृदय उपचारकाने दिलेला दिलासा हाही त्या चक्राचाच एक फेरा ठरू शकतो, म्हणून नुसत्या आधारावर भागत नाही. नैराश्याचे चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीत २५० रुग्ण होते. १९८९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार बोधात्मक वर्तनोपचार आणि आंतरवैयक्तिक उपचार (सध्याच्या नात्यांतील अडचणींवर भर देणारा) यांत मोठा फरक आढळला नाही. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तर असे दाखवले की, नैराश्यात केवळ दैनंदिन कृती वाढवण्याचा भाग हा संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकाच गुणकारी ठरला. ज्या घटकाला उपपत्तीने केंद्रस्थानी ठेवले, तोच बदल घडवतो असे धरून चालता येत नाही, हा या चाचणीचा खरा धडा आहे.

सामाजिक भीतीबद्दल जर्मनीत फाल्क लाइख्सेनरिंग आणि सहकाऱ्यांनी ४९५ रुग्णांवर केलेली चाचणी या संदर्भात फार बोलकी आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार उपचार संपताना बोधात्मक पद्धतीने ३६ टक्के, मनोगतिक पद्धतीने २६ टक्के आणि प्रतीक्षायादीतील ९ टक्के लोकांचा विकार ओसरला होता. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही पद्धतींमधील अंतर उरले नव्हते. लवकर आराम मिळणे महत्त्वाचे मानायचे की टिकाऊपणा, यावर या चाचणीचा अर्थ ठरतो. अशा तुलनांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते: संशोधकाची स्वतःची निष्ठा ज्या पद्धतीवर असते, ती पद्धती त्याच्या अभ्यासात सरस ठरण्याकडे कल दिसतो.

प्रत्यक्ष व्यवहारात बहुसंख्य उपचारक एकाच घराण्याला बांधलेले नसतात आणि गरजेनुसार पद्धतींची सांगड घालतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत २००८ पासून पायरीपायरीने उपचार देण्याची व्यवस्था आहे. सौम्य त्रासाला मार्गदर्शित स्वयंसाहाय्य आणि न भागल्यास अधिक सत्रांचे उपचार, असा तिचा क्रम आहे. झिम्बाब्वेत हरारे येथील दवाखान्यांच्या आवारात बाकावर बसून अल्पप्रशिक्षित ज्येष्ठ स्त्रियांनी समस्या-निराकरणावर आधारलेली मदत दिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती नेहमीच्या सेवेपेक्षा प्रभावी ठरली. विशेषज्ञ कमी असलेल्या प्रदेशांत सोप्या, आखीव पद्धतींचे मोल त्यामुळे वाढले आहे.

उपचारांनी अपायही होतो, आणि तुलनात्मक लेखनात त्याला पुरेशी जागा मिळत नाही. प्रौढांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींची स्थिती उपचारांदरम्यान बिघडते. आघातानंतर लगेच, सरसकट सर्वांना एकाच बैठकीत घडलेले सारे बोलायला लावण्याच्या प्रथेने नंतरचा विकार टळत नाही, आणि काही अभ्यासांत तो वाढल्याचे आढळले. कुणाची स्थिती बिघडते आहे हे ओळखण्यात अनुभवी उपचारकही कमी पडतात, म्हणून मायकेल लॅम्बर्ट यांच्यासारख्या संशोधकांनी प्रत्येक सत्राआधी छोटी प्रश्नावली भरून घेण्याचा आग्रह धरला. अपेक्षित सुधारणा दिसत नसेल तर ती उपचारकाला वेळीच सूचना देते. मग भावसंक्रमणावर काम चालू असो वा विचारांवर, उद्दिष्ट, पद्धती आणि नाते यांपैकी नेमके काय अडते आहे, हे दोघांना मिळून तपासता येते.