दोन्ही पिस्टन एकदम वर

जुनी ब्रिटिश ट्रायम्फ मोटरसायकल सुरू करायची तर आधी कार्ब्युरेटरवरचं बारकं बटण दाबून धरायचं, पेट्रोल पाझरून बोटाला लागेपर्यंत. मग किक पायाने चाचपत दाब कुठे लागतो ते बघायचं आणि तिथून अंग टाकून हाणायची. गाडी सुरू झाली, की आधी एक भरीव, एकसारखा ठेका ऐकू येतो. मेन स्टँडवर असेल तर पुढचं चाक नंदीबैलासारखी मान हलवायला लागतं. आणि बंद करून चहा पिऊन येईतो इंजिनाखाली तेलाचा काळा थेंब पडलेला असतो. खाली तेल दिसलं नाही तर काळजी करा, आतलं संपलंय, हा या गाड्यांच्या शौकिनांचा ठरलेला विनोद.

तो ठेका, ती थरथर आणि तो थेंब ही तिन्ही बऱ्याच अंशी एकाच निर्णयाची लेकरं आहेत. दोन्ही पिस्टन, म्हणजे सिलेंडरमधले दट्टे, एकदम वर, एकदम खाली.

हा निर्णय एडवर्ड टर्नरचा. 1937 मध्ये कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कारखान्यातून त्याने 498 सीसीची ‘स्पीड ट्विन’ बाहेर काढली. तोवर साध्या माणसाची मोटरसायकल म्हणजे एकच मोठा सिलेंडर. टर्नरने दोन छोटे सिलेंडर शेजारीशेजारी उभे केले, तेही इतके चिकटून की इंजिन एका सिलेंडरच्या चौकटीत बसावं. दोन पिस्टन एकाच क्रँकवर, म्हणजे त्यांची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्यावर. आता ते एकमेकांच्या उलट चालवायचे की बरोबरीने?

उलट चालवले, एक वर तेव्हा दुसरा खाली, तर तोल बरा सांभाळला जातो. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. उलट पिस्टनांचे दोन स्फोट अर्ध्या फेरीच्या अंतराने लागोपाठ होतात आणि मग दीड फेरी सामसूम. बरोबरीने चालवले तर या फेरीत एक, पुढच्या फेरीत दुसरा, घड्याळासारखं. एकाच कार्ब्युरेटरला समान अंतराने घोट घेता येतात, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं कामही सोपं होतं. टर्नरने बरोबरीची चाल निवडली. 1937 साली, 500 सीसीला, मीही तीच निवडली असती.

युद्धानंतर मात्र सगळ्यांनीच ती उचलली. बीएसए, नॉर्टन, एजेएस, मॅचलेस, रॉयल एनफिल्ड, प्रत्येकाची तशीच जोडी. ब्रिटनला डॉलर हवे होते आणि डॉलरवाल्या अमेरिकन गिऱ्हाइकाला दर वर्षी जास्त जोर हवा होता. 500 चे 650 झाले, 650 चे 750, शेवटी नॉर्टनचे 828 सीसी. क्रँकची रचना तीच.

इथे थोडा हिशेब करू. 1959 ची ‘बॉनव्हिल’ घ्या. 649 सीसी, 46 हॉर्सपॉवर. तिचा पिस्टन 82 मिलिमीटर खाली जातो आणि परत येतो. मिनिटाला 6500 फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला 108 वेळा. म्हणजे सेकंदाला 216 वेळा त्याला पूर्ण थांबवून उलट फिरवायचं. त्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाच्या सुमारे 1900 पट भरतं, आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने वरच्या टोकाला त्याहूनही जास्त. पिन आणि रिंगांसकट एक पिस्टन पाव किलोचा धरला, तर त्याला थोपवायला लागणारा जोर पावणेपाचशे किलोच्या वजनाएवढा. दोघे एकाच क्षणी थांबतात, म्हणून दुप्पट. म्हणजे मांड्यांच्या मधे साडेनऊशे किलोचा घण, सेकंदाला 108 वेळा वर आणि तितक्याच वेळा खाली. शिवाय हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 5000 फेऱ्यांवरून 7000 वर गेलात, तर जवळपास दुप्पट.

मग क्रँकवर उलट बाजूला वजन का लावत नाहीत? लावतात की. पण पिस्टन फक्त वर-खाली जातो आणि ते वजन गोल फिरतं. वर-खालीचा झटका त्याने पूर्ण मारला, तर तेवढाच झटका पुढे-मागे तयार होतो. कारखाने मग तडजोड करत: काही उभी थरथर, काही आडवी, चौकटीला जी सोसेल ती. तोलाच्या बाबतीत ही जोडी एकाच सिलेंडरची गाडी होती. आपल्याकडची जुनी साडेतीनशेची बुलेट ज्याने चालवली आहे, त्याच्या तळहाताला हे वेगळं सांगायला नको.

गावरस्त्यांवर हे खपून गेलं. वळण आलं, वेग उतरला, इंजिनाने श्वास घेतला. नोव्हेंबर 1959 मध्ये ब्रिटनचा एम1 महामार्ग उघडला, तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. लंडनच्या एस कॅफे या मोटरसायकलवाल्यांच्या अड्ड्याबाहेर जमणाऱ्या पोरांना ‘टन’ गाठायचा असायचा, म्हणजे ताशी 100 मैल, आपले 160 किलोमीटर. टन गाठणं वेगळं आणि मूठ पिळून तासभर दामटणं वेगळं. त्यात बोटं बधिर होत, दिव्यातली तार तुटे, नट सुटत.

आता तेल. दोन्ही पिस्टन एकदम खाली आले, की त्यांच्याखालची क्रँककेसमधली, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीतली, 649 सीसी हवा कुठे जाणार? पिस्टन उलटे चालले असते, तर एकाने ढकललेली हवा दुसऱ्याखाली सरकली असती. इथे आख्खी क्रँककेस भात्यासारखी चालते. ट्रायम्फने इंजिनाच्या झडपा चालवणाऱ्या कॅमशाफ्टच्या टोकाला फिरती झडप बसवून ही हवा वेळेवर बाहेर सोडायची सोय केली होती. तरी जिथे फट मिळेल तिथून दाब तेल घेऊन निघे. आणि फटी होत्या. क्रँककेस उभी कापून दोन अर्धी जोडलेली, म्हणजे सांधा थेट तळातून, तेलाच्या खालून जाणारा. झडपा ढकलणाऱ्या पुशरॉडच्या नळ्यांना रबरी कड्या, चेनच्या डब्याला वेगळं झाकण, आणि या सगळ्याला सेकंदाला शंभर हादरे.

पण सगळा दोष क्रँकवर ढकलणं बरोबर नाही. 1970 च्या सुमाराची यामाहा एक्सएस-1 बघा. 653 सीसी, दोन्ही पिस्टन बरोबरीने, थरथरायचीही मजबूत. मात्र क्रँककेस आडवी कापलेली, सांधा तेलाच्या वर. खालची फरशी बरीच कोरडी राहिली.

नॉर्टनने शेवटी जे केलं, ते मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडतं. 1967 च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी ‘कमांडो’ मांडली. थरथर मारता येत नाही ना? मग चालवणाऱ्यापर्यंत पोचूच द्यायची नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा फोर्क यांचं एक गाठोडं करून ते चौकटीत रबरावर टांगलं. मागचं चाक इंजिनाबरोबरच हलत असल्याने चेनची रेघ बिघडत नाही. कमी वेगात कमांडो पाहाल तर घाबराल, चौकटीत इंजिन अक्षरशः उड्या मारत असतं. अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास एकाएकी सगळं शांत. घरचं वॉशिंग मशीन पिळायला लागताना आधी थयथयाट करतं आणि वेग चढला की गप्प होतं, त्यातला हा प्रकार. हादऱ्यांचा वेग रबराच्या स्वतःच्या लयीच्या पुरेसा पुढे गेला, की गाठोडं जागच्या जागी हलत राहतं आणि चौकटीला फारसं काही कळत नाही. फक्त त्या रबरी बैठकीत फट ठेवायची पाव मिलिमीटरची, पातळ चकत्या घालून. ती वाढली की गाडी वळणावर डुलायला लागते.

इलाज जुगाडू, पण खरा. गंमत म्हणजे उलट फिरणाऱ्या वजनांचे शाफ्ट लावून हादरे मारायची युक्ती ब्रिटनमधल्याच, बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने मोटारींसाठी कधीच शोधली होती. मोटरसायकलवाल्यांना ते महाग वाटलं असणार. दरम्यान 1969 मध्ये होंडाची सीबी750 आली: चार सिलेंडर, दोन वर तेव्हा दोन खाली, बटणावर सुरू, पुढे डिस्क ब्रेक आणि खाली कोरडी फरशी. बीएसए 1973 मध्ये कोलमडली. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडनच्या कामगारांनी ट्रायम्फचा कारखाना सहकारी तत्त्वावर चालवत बॉनव्हिल 1983 पर्यंत रेटली.

नावं आता आपल्याकडे आहेत. ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्या बजाज चाकणला बनवते. इंग्लंडच्या रेडिचमध्ये जन्मलेली रॉयल एनफिल्डची ‘इंटरसेप्टर’ 2018 मध्ये चेन्नईहून परतली: 648 सीसी, 47 हॉर्सपॉवर, म्हणजे 1959 च्या बॉनव्हिलच्या तोडीस तोड. पण तिच्या पोटात तोल सांभाळणारा शाफ्ट आहे आणि दोन पिस्टनांत पाऊण फेरीचं अंतर, त्यामुळे ते एकाच क्षणी थांबत नाहीत. स्फोट एकदा पाऊण फेरीने, एकदा सव्वा फेरीने. आरशात मागची गाडी नीट दिसते. फायरिंगही झकास आहे, ठेका मात्र लंगडा, अमेरिकन व्ही-ट्विनच्या, म्हणजे व्ही आकारात दोन सिलेंडर असलेल्या इंजिनाच्या, वळणाचा. टर्नरचा तो एकसारखा आवाज ऐकायचा असेल, तर अजूनही बोटाला पेट्रोल लावूनच घ्यावं लागतं.