परदेशात मिशनरी म्हणून जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि तिथला रोजचा दिवस

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि नेहमी जोडीनं चालणारी दोन तरुण मुलं. मॉर्मन या ख्रिस्ती चर्चचे मिशनरी जगभरात असेच ओळखू येतात. 2024 च्या अखेरीस अशा पूर्णवेळ शिकवणाऱ्या मिशनऱ्यांची संख्या 74 हजारांवर होती आणि ते 450 मिशनांमध्ये, म्हणजे कार्यक्षेत्रांमध्ये, विखुरलेले होते. चर्चचं मुख्यालय अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. 2018 पासून चर्चनं ‘मॉर्मन’ हे नाव मागे ठेवलं आहे, त्यामुळे अर्जात, व्हिसाच्या कागदांत आणि पत्रव्यवहारात ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नावच लिहा.

आपल्या भागाशी या कामाचा संबंध जुना आहे. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचे मिशनरी मुंबईत उतरले आणि पुण्यातही राहून काम करून गेले. आज उलट्या दिशेनं, इथून बाहेर जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना हीच माहिती पुन्हा पुन्हा विचारावी लागते. ती मराठीत एका जागी असावी म्हणून हे लिहितो आहे.

माझं एक म्हणणं आहे. अर्जातली प्रत्येक अट तिथल्या रोजच्या दिवसासाठी असते. दिवस कसा असतो हे कळलं की दातांच्या डॉक्टरची सही का लागते आणि कर्जाची चौकशी का होते, हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून आधी दिवस सांगतो.

तिथला दिवस

सकाळी साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता. त्यानंतर एकट्यानं धर्मग्रंथाचा अभ्यास, मग जोडीदार मिशनऱ्यासोबत अभ्यास, आणि नवी भाषा शिकत असाल तर तिचा वेगळा तास. सकाळीच दिवसाचा आराखडा ठरतो आणि मग बाहेर पडायचं. रात्री नऊच्या सुमारास खोलीवर परत, साडेदहाला दिवा बंद. 2017 मध्ये या वेळापत्रकात सैलपणा आला आणि स्थानिक हवामान, जेवणाच्या वेळा, लोकांच्या कामाच्या वेळा पाहून त्यात फेरफार करता येऊ लागले. पण मूळ सांगाडा तोच आहे.

तैवानचं उदाहरण घ्या. तिथे 1956 मध्ये पहिले मिशनरी पोचले. तिथला मिशनरी हेल्मेट घालून सायकलवर फिरतो. स्कूटरांच्या गर्दीतून, दमट उकाड्यात, पावसात. संध्याकाळी चर्चच्या इमारतीत इंग्रजीचा मोफत वर्ग असतो, तिथे शाळकरी मुलांपासून निवृत्त आजोबांपर्यंत कोणीही येतं. मंदारिनमध्ये सूर चुकला की अर्थच बदलतो, त्यामुळे पहिले काही महिने अनुभवी जोडीदार बोलतो आणि नवा मिशनरी कान देऊन ऐकतो. कोणाच्याही घरी गेलं की आधी चहा पुढे येतो. तो मिशनऱ्याला चालत नाही. चर्चच्या 1833 पासूनच्या आरोग्यनियमात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत. महाराष्ट्रातल्या चर्चच्या मुलांना हे नवं नाही. पाहुण्यांच्या घरी ‘चहा नको, पाणी चालेल’ म्हणायची सवय त्यांना लहानपणापासून असते, आणि यजमानाला वाईट वाटू न देता नाही कसं म्हणायचं तेही येतं. तैवानमध्ये हे कौशल्य फार उपयोगी पडतं.

जोडीदार ज्याला कम्पॅनियन म्हणतात, तो तुम्ही निवडत नाही. त्याच्यासोबत चोवीस तास राहायचं, एकाच खोलीत झोपायचं, दोघांनी मिळूनच बाहेर पडायचं. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा जोडीदार बदलतो, गाव बदलतं किंवा दोन्ही तसंच राहतं. एकटं कुठे जायचं नाही, प्रेमप्रकरण नाही, हवं ते टीव्हीवर किंवा फोनवर बघत बसायचं नाही. आठवड्यातला एक दिवस तयारीचा असतो. त्या दिवशी कपडे धुणं, बाजार, केस कापणं, थोडं फिरणं आणि घरी पत्र. फेब्रुवारी 2019 पासून आठवड्यातून एकदा घरी फोन किंवा व्हिडिओ कॉलही करता येतो. त्याआधी फोन फक्त नाताळ आणि मातृदिनाला असायचा. आईवडिलांसाठी हा बदल किती मोठा आहे, हे ज्यांनी जुना काळ पाहिला तेच जाणतात.

शिकवायचं म्हणजे नेमकं काय

घरोघरी जाऊन भाषण ठोकणं हे काम नाही, असं मला तयारी करणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. ठरलेले चार मोठे विषय असतात. येशूच्या मूळ चर्चची पुनःस्थापना, देवाची तारणाची योजना, येशूची शिकवण आणि आयुष्यभराचं शिष्यत्व. पण कोणत्या क्रमानं, किती आणि कुठल्या शब्दांत सांगायचं ते समोरच्या माणसाकडे पाहून ठरवायचं. पाठ करून म्हणायच्या धड्यांची पद्धत 2004 मध्येच बंद झाली. चांगली भेट लहान असते. प्रार्थना, थोडं सांगणं, बरेच प्रश्न विचारणं आणि उत्तर खरंच ऐकणं, मग वाचायला एखादा उतारा आणि पुढच्या भेटीची वेळ. घरात नुकताच कोणी वारलं असेल तर आधी त्यांच्याजवळ बसायचं, विषय नंतर.

समोरच्या माणसाची बाप्तिस्म्याची तयारी झाली की त्याची मुलाखत तुम्ही घेत नाही, दुसरा मिशनरी घेतो. म्हणजे ज्यानं शिकवलं त्याच्या भिडेनं कोणी हो म्हणू नये. अल्पवयीन मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत, आणि विवाहित व्यक्तीला नवऱ्याची किंवा बायकोची संमती लागते. हे नियम मनापासून पाळा. आपल्या देशात धर्मांतर हा किती नाजूक विषय आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि दुसऱ्याच्या देशात पाहुणे म्हणून गेल्यावर तर जास्तच जपायला हवं. देशागणिक कायदाही वेगळा. रशियात 2016 च्या कायद्यानंतर तिथे जाणाऱ्यांना स्वयंसेवक म्हणतात आणि रस्त्यावर किंवा कोणाच्या घरी प्रचार करता येत नाही.

पात्रता

मुलांसाठी किमान वय 18. मुलींसाठी 2012 मध्ये 21 वरून 19 झालं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तेही 18 वर आलं. मुलं 25 पर्यंत अर्ज करू शकतात आणि 24 महिने सेवा करतात. मुलींचा कालावधी 18 महिन्यांचा. मुलांवर जाण्याचं धार्मिक कर्तव्य मानलं जातं, मुलींचं जाणं स्वेच्छेचं. हा फरक घरच्यांनीही लक्षात ठेवावा आणि मुलीवर दबाव आणू नये. खरं तर मुलावरही आणू नये. लाजेखातर गेलेला मुलगा तिसऱ्या महिन्यात मोडतो.

अविवाहित असणं, शालेय शिक्षण पूर्ण असणं आणि नवा सदस्य असेल तर बाप्तिस्म्याला साधारण वर्ष झालेलं असणं लागतं. नियमित उपासना, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणं, आरोग्यनियम आणि लग्नापूर्वीचा संयम यांची चौकशी होते. कोर्टात खटला चालू असेल तर थांबावं लागतं. कर्ज फेडलेलं हवं किंवा ते कोण आणि कसं फेडणार याची पक्की व्यवस्था हवी. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेत जाऊन हप्त्यांचं काय करायचं ते आधी लिहून घ्या. तिथे पगार नसतो, आणि बँकेचे फोन घेत शिकवता येत नाही.

अर्ज कुठून सुरू होतो

तुमच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखाकडून, म्हणजे ब्रँच प्रेसिडेंटकडून किंवा बिशपकडून. तेच ऑनलाइन अर्ज उघडून देतात. उपलब्ध होण्याच्या तारखेआधी चार-पाच महिने सुरुवात करावी; आपल्याकडे कागदपत्रांची जी गत असते ती पाहता मी सहा महिने म्हणेन. दोन मुलाखती होतात, एक बिशपची किंवा ब्रँच प्रेसिडेंटची आणि दुसरी स्टेक प्रेसिडेंटची. स्टेक म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा गट. जिथे स्टेक नाही तिथे दुसरी मुलाखत मिशन प्रेसिडेंट घेतात.

डॉक्टर आणि दंतवैद्य दोघांचे अहवाल लागतात. अक्कलदाढेचा त्रास असेल तर इथेच काढून घ्या, कारण परक्या गावात, तोडक्यामोडक्या भाषेत, दाढ काढायला जाणं फार अवघड. मनाच्या आजाराबद्दल तर अजिबात लपवू नका. औषध चालू असेल तर ते कोणतं, किती काळ, आता कसं वाटतं ते स्पष्ट लिहा. नैराश्य किंवा चिंतेचा त्रास आहे म्हणून दार बंद होत नाही. पण न सांगता गेलात तर सकाळी साडेसहा ते रात्री साडेदहाच्या त्या वेळापत्रकात तो त्रास दुप्पट होतो आणि मदत उशिरा मिळते. ज्यांना बाहेर पाठवणं योग्य नाही त्यांच्यासाठी घरी राहून करायची सेवा-मिशन आहे, आणि ती कमी प्रतीची नाही.

कागदपत्रं

पासपोर्ट आधी. अठराव्या वर्षाआधी पालकांनी काढलेला पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचाच असतो, म्हणून त्यावरची तारीख आजच बघा. नव्या 36 पानी पासपोर्टचं सरकारी शुल्क 1500 रुपये आहे, तत्काळ नसेल तर. दहावीची गुणपत्रिका जोडा, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या तपासणीचा शिक्का पासपोर्टवर पडत नाही.

खरी डोकेदुखी नावाची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेलं दुसऱ्यात. त्यात जन्मदाखल्यावर अनेकदा बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची असतात, किंवा दाखला नुसता मराठीत असतो. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव नोंदवलेला, इंग्रजी मजकूर असलेला दाखला काढून घ्या. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तरी व्हिसा कार्यालय विचारतं. नाव बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत लागेल. नावपट्टीवर मात्र फक्त आडनाव येतं, मुलांना आधी एल्डर आणि मुलींना सिस्टर.

पोलीस पडताळणी प्रमाणपत्र बहुतेक देशांच्या व्हिसाला लागतं. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, शुल्क 500 रुपये. ते लवकर काढू नका. त्याची मुदत असते, म्हणून व्हिसाचे लोक मागतील तेव्हाच. काही देश जन्मदाखल्यावर किंवा गुणपत्रिकेवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, मागतात. त्यासाठी आधी राज्य सरकारकडून प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. लसींची नोंद, नीटनेटक्या पोशाखातला फोटो आणि घरच्यांचा तातडीचा संपर्क हे बाकीचं.

आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही देशांत नेमणूक झाली तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. ते पिवळं कार्ड दोन वर्षं जपून ठेवा. परतताना भारताच्या विमानतळावर तेच मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

खर्च

जुलै 2020 पासून अमेरिकेतल्या आणि अशाच काही देशांतल्या मिशनऱ्यांना दरमहा 500 डॉलर भरावे लागतात, मग नेमणूक महागड्या टोकियोत असो की मनिलात. भारतातल्या सदस्यांसाठी रक्कम वेगळी ठरते. ती ब्रँच प्रेसिडेंटच सांगतील आणि घरची ऐपत नसेल तर चर्चच्या मिशनरी निधीतून मदत होते. पैसे नाहीत म्हणून अर्जच न करणं चूक आहे. कपडे, बूट, बॅग, पासपोर्ट यांचा खर्च मात्र घरचाच.

नेमणूक आल्यावर

देश निवडता येत नाही. चर्चच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे सर्वात वरिष्ठ नेत्यांपैकी, एक जण प्रत्येक नाव पाहून नेमणूक करतात आणि पत्रावर अध्यक्षांची सही असते. 2018 पासून ते ऑनलाइन येतं. त्यात मिशन, भाषा, प्रशिक्षण केंद्र आणि हजर व्हायची तारीख असते. प्रशिक्षण केंद्रं प्रोव्हो, मनिला, साओ पाउलो, मेक्सिको सिटी, प्रेस्टन अशी जगभर आहेत. नवी भाषा असेल तर तिथे साधारण सहा ते नऊ आठवडे. व्हिसा अडकला तर तोवर दुसऱ्या ठिकाणी तात्पुरती नेमणूक मिळते. त्यानं खचू नका, तिथलं कामही खरंच काम असतं.

निघण्याआधी टेम्पलचे, म्हणजे चर्चच्या खास पवित्र मंदिरातले, विधी करायचे असतात. भारतात बंगळुरूचं टेम्पल 2018 मध्ये जाहीर झालं आणि डिसेंबर 2020 मध्ये त्याची पायाभरणी झाली. इतकी वर्षं इथल्या तरुणांना त्यासाठी परदेशच गाठावा लागला. तुमच्या बाबतीत ते कुठे आणि केव्हा होणार हे प्रशिक्षणाच्या तारखेसोबतच ठरवून घ्या.

कॉलेजचंही जाण्याआधीच बघा. सीईटीचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत, त्यामुळे बारावीनंतर लगेच जाणार असाल तर परतल्यावर पुन्हा परीक्षा द्यायची तयारी हवी. पदवीच्या मध्येच जाणार असाल तर खंड किती चालतो हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. परत आल्यावर प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेटसाठी प्रतिज्ञापत्र करावं लागेल. त्यात मिशनचा कालावधी तारखांसह लिहा आणि नेमणुकीचं व सेवामुक्तीचं पत्र सोबत जोडा.